चाक एकाच जागी टेकतं

शर्यतीच्या गाड्यांमध्ये कार्ट सर्वांत उघडी. तिला छप्पर नाही, दार नाही, सस्पेन्शनही नाही. चालकासकट वजन साधारण १६० किलो आणि टायरमध्ये हवा १२ पीएसआयच्या आसपास. ढोबळ हिशेब केला तर एकेका टायरच्या वाट्याला जमिनीचा जेमतेम ४५ ते ५० चौरस सेंटिमीटर तुकडा येतो, म्हणजे तळहाताहूनही कमी. वळणावर आतल्या बाजूचं मागचं चाक तर उचललंच जातं. ते उचललं जावं अशीच रचना केलेली असते. कार्टला डिफरेन्शियल नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर पक्की बसवलेली असतात आणि दोन्ही टेकून राहिली तर गाडी सरळच जायला बघते. म्हणून भर वेगात जीव अशा तीन तुकड्यांवर सोपवायचा. टायर निवडणं, हवा मोजणं, पुढच्या चाकांचे कोन लावणं, ही सगळी खटपट त्या तुकड्यांसाठी चालते.

चाक कुठे टेकतं याचा विचार धर्मग्रंथातही झाला आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने लिहिलेल्या ‘विशुद्धिमार्गा’त मरणाच्या चिंतनाचं प्रकरण आहे. तिथे तो रथाच्या चाकाकडे बोट दाखवतो. चाक फिरत असो की थांबलेलं असो, ते धावेच्या एकाच बिंदूवर उभं असतं. प्राण्यांचं जगणंही तसंच, एका चित्तक्षणापुरतं. गेलेला क्षण जगून झाला, येणारा अजून जगायचा आहे. जगतो तो फक्त हा.

हा ग्रंथ आधुनिक अभ्यासकांच्या हाती नीट पडला त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले आणि श्रीलंकेत पाली शिकले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे ‘विशुद्धिमार्गा’चं संपादन हार्वर्डमध्ये अर्धवट राहिलं होतं. त्या कामासाठी कोसंबी १९१० साली प्रथम अमेरिकेला गेले आणि पुढे पुन्हा पुन्हा जात राहिले. देवनागरीतली त्यांची आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली, आणि कोसंबींनी तर ४ जून १९४७ रोजीच सेवाग्रामला देह ठेवला होता. एका ग्रंथामागे अर्धं आयुष्य घालवणाऱ्या या माणसाच्या हातून गेलेलं वाक्य सांगतं की जगणं एका क्षणाचं असतं. मग ती अर्ध्या आयुष्याची मेहनत राहते कुठे?

हा प्रश्न जुना आहे आणि खरा आहे. सगळं क्षणापुरतंच असतं असं मानणाऱ्या बौद्ध क्षणिकवादाला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात नेमकं इथेच अडवलं. काल पाहणारा आणि आज आठवणारा एकच नसेल, तर स्मरण होतं कोणाला? बौद्धांचं उत्तर ‘मिलिंदप्रश्ना’त सापडतं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नसतात, पण वेगळ्याही नसतात. एकीतून दुसरी निघते. उत्तर देखणं आहे, पण ज्योत मागचं काही साठवत नाही. पहिल्या प्रहरात ती कशी जळली याची खूण शेवटच्या प्रहरातल्या ज्योतीवर दिसत नाही. शंकराचार्यांचा आक्षेप शिल्लकच राहतो.

रबर मात्र साठवतं. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्सच्या स्पर्धांमध्ये एका गटातल्या सगळ्यांना एकाच प्रकारचे टायर वापरावे लागतात. त्यामुळे कुठला टायर घ्यायचा हा प्रश्न जवळपास मिटतो आणि आहे तो टायर कसा वागवायचा हा प्रश्न सगळी जागा व्यापतो. रबर ठरावीक तापमानाला आलं की जमीन धरतं. त्याखाली ते घसरतं, त्याच्यावर गेलं की चिकट होऊन सरकतं आणि त्यावर फोड येतात. उन्हात ट्रॅक तापलेला असेल तर हवा थोडी कमी भरायची, कारण फेऱ्यांगणिक दाब वाढतच जाणार. गारठ्यात आणि पावसात जास्त भरायची, म्हणजे टायर लवकर तापेल. गाडी परत आली की टायरची आतली कड, मधला पट्टा आणि बाहेरची कड यांचं तापमान वेगवेगळं मोजायचं. मध्य जास्त तापला असेल तर हवा जास्त झाली. एकच कड तापली असेल तर चाकाचा कोन चुकला. आणि टायर एकदा तापून गार झाला की तो पहिल्यासारखा राहत नाही. उष्णतेने त्याच्या आतली जोडणी बदलते, तो थोडा कडक होतो. कडकपणा मोजायचं उपकरण त्यावर टेकवलं तर तो किती वापरला गेलाय याचा बराच अंदाज येतो.

म्हणजे जमिनीला टेकतो तो या क्षणाचाच तुकडा, पण मागच्या सगळ्या फेऱ्या त्या तुकड्यात उतरलेल्या असतात. आठवणारा कोणी आत बसलेला नाही, तरी झालेलं काही पुसलं गेलेलं नाही. क्षणिकवादाच्या बाजूने हा दाखला ज्योतीहून भक्कम वाटतो.

चाक कसं टेकतं हा हिशेब शर्यतीच्या ट्रॅकबाहेरही होतो. नागपूरच्या उत्तरेला, कन्हानच्या काठावर, सावनेर तालुक्यातलं खापा हे जुनं गाव. विणकरांचं, आणि जवळच्या गुमगावच्या खाणीमुळे मँगनीजच्या मुलखातलं. इथल्या काळ्या मातीत चाकाची निवड हा रोजच्या कामाचा प्रश्न होता. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवावी लागते. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद तापवायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आकसताना ती पुठे, आरे आणि तुंबा असे काही आवळते की सगळं चाक एकजीव होतं. घेराचा हिशेब जरा चुकला तर धाव सैल राहते किंवा चाक पिचतं. अशा अरुंद धावेची बंडी, म्हणजे बैलगाडी, वाळल्या रस्त्यावर हलकी चालते आणि पावसाळ्यात चिखलात रुतते. म्हणून पुढे बंड्यांना रबरी टायर आले. रुंद टेकणारं चाक मातीत कमी रुततं, हे भौतिकशास्त्र शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

अंगुत्तर निकायात एका रथकाराची गोष्ट आहे, आणि चाकाच्या कारागिरीवर इतकं नेमकं धर्मवचन दुसरं नसावं. पचेतन राजाने सहा महिन्यांत दोन चाकं मागितली. सहा दिवस उरले तेव्हा एकच तयार होतं. दुसरं रथकाराने त्या सहा दिवसांत उरकलं. राजाला दोन्ही सारखीच दिसली. रथकाराने ती चालवून दाखवली. सहा दिवसांचं चाक जोर होता तोवर गेलं, मग गरगरून पडलं. आधी तयार झालेलं चाक जोर संपल्यावरही आसावर बसवल्यासारखं उभं राहिलं. सहा दिवसांच्या चाकाच्या धावेत, आऱ्यांत, तुंब्यात वाकडेपणा राहिला होता. तो रथकार मीच होतो, असं बुद्ध सांगतात. तेव्हा लाकडाचा वाकडेपणा काढण्यात कुशल होतो, आता काया, वाचा आणि मनाचा काढण्यात आहे.

विदर्भात हे चाक केवळ उपमा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. गावोगावच्या विहारांवर निळ्या ध्वजात चक्र फडकतं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचा प्रवास नाकारला आणि मागच्या जन्मीच्या पापाचं ओझं या जन्मावर लादणारा कर्मसिद्धांतही नाकारला. हा नकार फार मोलाचा आहे. गरिबी आणि अस्पृश्यता ही गतजन्मीची फळं ठरवून समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हात झटकले होते. मागच्या फेऱ्या टायरमध्ये उतरतात ही गोष्ट त्या जुन्या युक्तिवादाच्या मदतीला जाता कामा नये, आणि ती जातही नाही. टायरवरची प्रत्येक खूण याच रस्त्यावर, याच वजनाखाली उमटलेली असते. ती मोजता येते, तिचं कारण दाखवता येतं आणि ते कारण बदलता येतं.

उरतो जबाबदारीचा प्रश्न, आणि तिथे रबराचा दाखला तोकडा पडतो. टायरला रसायन लावून रबर मऊ करायची लबाडी कार्टिंगमध्ये जुनी आहे. पहिल्या काही फेऱ्यांत असा टायर विलक्षण पकड देतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत टायरवर नोंदीचे बारकोड असतात, टायर ऐनवेळी वाटले जातात आणि बाष्प हुंगणारं उपकरण त्यांच्यापाशी धरलं जातं. उपकरणाने खूण पकडली की अधिकारी टायरला काही विचारत नाहीत. रसायन चोपडणारा हात कोणाचा, तो आदल्या रात्रीचा माणूस आज तसाच उरला आहे का, या वादातही ते शिरत नाहीत. निकालातून नाव कटतं ते चालकाचं, कारण ती गाडी त्याच्या नावावर ट्रॅकवर उतरलेली असते.

शंकराचार्य यावर म्हणतील की नाव टिकतं ते त्यामागे टिकणारा कोणी असतो म्हणून. ‘मिलिंदप्रश्ना’त मिलिंद राजाला उत्तरं देणारा भिक्षू नागसेन म्हणेल की नाव हे व्यवहारासाठी धरलेलं आहे आणि जबाबदारीला तेवढं पुरतं. आंबा चोरणाऱ्याने ‘मी नेलेला आंबा तू लावलेला नव्हेच’ असं म्हटलं तरी तो सुटत नाही, हा दाखला त्यानेच राजाला दिला होता. शर्यतीचे नियम लिहिणाऱ्यांनी यातला एकही ग्रंथ समोर ठेवला नसेल, तरी त्यांचा व्यवहार नागसेनाच्या बाजूने पडतो.