दूरच्या पापात आपला वाटा

जालना जिल्ह्याच्या पोटात काळा बेसाल्ट आहे. निओडिमियम किंवा डिस्प्रोसियमची खाण इथे नाही. ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं येतात चीनच्या बायान ओबोतून, म्यानमारच्या काचिन डोंगरांतून. नाव दुर्मीळ, पण सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे. खरी अडचण ती वेगळी काढण्यात आहे. काचिनमध्ये डोंगराला भोकं पाडून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडतात, खाली झिरपलेला द्राव हौदांत धरतात आणि हौदात न सापडलेला ओढ्याला लागतो. आपल्याकडे केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत या मूलद्रव्यांसोबत थोरियम असतं, म्हणून तिथल्या गाळाला किरणोत्सर्गाची भीती. अशाच मातीतून घडलेलं चुंबक जालना-अंबड रस्त्यावरच्या विजेच्या स्कूटरमध्ये फिरतं. मग काचिनच्या नासलेल्या ओढ्यात त्या स्कूटरवाल्याचा वाटा धरायचा का?

पतंजलींनी हिंसेचे तीन प्रकार मानले: कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, करवून घेतलेली आणि मान्य केलेली. जैन विचारही हेच सांगतो. कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाने डोंगर फोडायला सांगितलं नव्हतं, त्याला ठाऊकही नव्हतं. पण हे ठाऊक नसणं पुष्कळदा सोयीचं असतं. शहागडकडच्या गोदावरीतून रात्री उपसलेली वाळू स्लॅबवर पडते तेव्हा घरमालक रॉयल्टीची पावती मागत नाही. मागितली तर उत्तर काय येईल ते त्याला माहीत असतं. हे अनुमोदनच. फरक इतकाच की वाळूवाल्याला पावती मागता येते, काचिनच्या डोंगराला नाही. म्हणून स्कूटरवाल्याचा दोष हलका, हे मला मान्य आहे. पेट्रोलचा धूर टळतो, हेही मान्य. पण हिंसा कमी झाली म्हणजे देणं फिटलं, असं नव्हे.

ते फेडायची एक जागा जालन्यातच आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळून सळई होते. लोखंडाला पुन्हा जन्म मिळतो. त्याच भंगारात जुन्या मोटरचं चुंबक गेलं, तर त्यातलं लोखंड वाचतं, पण निओडिमियमला प्राणवायूची ओढ अधिक, ते ऑक्साइड होऊन स्लॅगमध्ये जातं. मग नव्या चुंबकासाठी पुन्हा डोंगर फोडायचा. चुंबक आधीच का काढत नाहीत? कारण मोटर उघडून ते काढायला वेळ लागतो आणि भंगारवाल्याला भाव मिळतो वजनावर. ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच चुंबक काढण्याचा उपदेश भंगारवाल्याला करणं मला अन्यायाचं वाटतं. गाडी चालवली दुसऱ्याने, प्रायश्चित्त मात्र याने घ्यायचं! मोटर बनवणाऱ्याने ती परत घ्यावी, चुंबक काढण्याची मजुरी स्कूटरच्या किमतीतच धरावी, आणि आपण ती शोरूममध्ये मोजावी. स्कूटर महागेल, हे उघड आहे. आज ती मजुरी वाचते, आणि तिचा भार पडतो काचिनच्या त्या ओढ्याकाठच्या शेतांवर.