सोडणारा आणि धरणारा

वस्तू एका हातात असते तोवर तिला एक मालक असतो. दोन हातांत असते तेव्हा दोन मालक असतात. आणि ती खाली पडली, की तिला एकही मालक उरत नाही. चहाचा कप घ्या, नाहीतर लोणच्याची बरणी घ्या. "तुम्ही धरलाच नाहीत" आणि "तू आधीच सोडलास" ही दोन वाक्यं आमच्या घरात काचेच्या तुकड्यांबरोबर केरात जातात आणि पुढच्या खेपेला झटकून पुन्हा वापरात येतात.

म्हणूनच मला ४ बाय १०० मीटरची रिले शर्यत आवडते. वास्तविक धावण्याशी माझा संबंध भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच सुटायच्या आत मोरा बंदर गाठण्यापुरता. २०२४ च्या जानेवारीत उरणला लोकल आली, तेव्हापासून आमची धाव स्टेशनकडे वळली, एवढाच फरक. पण रिलेमधली खरी गंमत धावण्यात नाही, देण्याघेण्यात आहे. बॅटन म्हणजे २८ ते ३० सेंटीमीटर लांबीची पोकळ नळी. वजन ५० ग्रॅमपेक्षा कमी नसावं, एवढीच अट. आमच्या घरातलं लाटणं याहून जड आहे आणि जास्त परिणामकारकही. पण या नळीबद्दल नियम काय म्हणतो पाहा. घेणाऱ्याचा हात लागला की देवाणघेवाण सुरू झाली, आणि बॅटन एकट्या त्याच्याच हातात आलं की संपली. मधला क्षण दोघांचा! हे सगळं ३० मीटरच्या पट्ट्यात उरकायचं. आणि बॅटन पडलं, तर ज्याच्या हातून पडलं त्यानंच उचलायचं. 'ज्याच्या हातून' म्हणजे नेमकं कुणाच्या? साऱ्या संसाराचा प्रश्न तोच आहे.

वेगाच्या बाबतीत अमेरिका म्हणजे गडगंज घर. पण श्रीमंताघरची कपबशी जास्त फुटते. २००८ साली बीजिंगला अमेरिकेच्या पुरुषांनी आणि बायकांनी एकाच संध्याकाळी, पहिल्याच फेरीत बॅटन पाडलं. २०१६ मध्ये रिओला पुरुषांचा संघ अंतिम शर्यतीत तिसरा आला आणि बाद झाला, कारण बॅटनला दुसरा हात पट्ट्याच्या अलीकडेच लागला होता. त्याच शर्यतीत जपाननं रौप्यपदक मिळवलं. त्या चौघांतल्या एकानंही तोवर १०० मीटर दहा सेकंदांच्या आत पार केले नव्हते. "याला म्हणतात शिस्त!" आमच्या आळीतले निवृत्त हेडमास्तर म्हणाले. २०२१ साली टोकियोत, खुद्द स्वतःच्या अंगणात, त्याच जपानची अंतिम फेरीतली पहिलीच देवाणघेवाण फसली आणि शर्यत तिथंच संपली. तेव्हा मास्तर म्हणाले, "पण चूक दोघांपैकी कुणाची?"

हा प्रश्न जिंकल्यावर कुणी विचारत नाही. १९५१ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत बायकांच्या या शर्यतीत जपान पहिला आणि आपण दुसरे होतो. १९५४ मध्ये मनिलाला आपल्या चौघींनी सुवर्णपदक आणलं. त्यात वांद्र्याची मेरी डिसूझा होती, पुण्याची स्टेफी डिसूझा होती, क्रिस्टीन ब्राऊन आणि व्हायोलेट पीटर्स होत्या. यात कुणाचा वाटा किती, हे कुणी काढत बसलं नाही. एका पदकाचे चार तुकडेही झाले नाहीत. प्रत्येकीला अख्खं मिळालं. यशाचं गणित असं उदार असतं. चौघांत वाटलं तरी प्रत्येकाच्या पदरी पूर्ण पडतं. अपयशाचं मात्र आपण वाटप करत नाही. एक माणूस शोधतो आणि ते पूर्ण त्याच्याच गळ्यात घालतो.

याच्या उलटही घडतं, आणि तिथं मास्तर खवळतात. २००८ ला जमैकानं ही शर्यत जिंकली. पहिला धावला नेस्टा कार्टर, तिसरा उसेन बोल्ट. पुढे जुने नमुने पुन्हा तपासले, कार्टर उत्तेजकात सापडला आणि २०१७ मध्ये चौघांचं सुवर्णपदक गेलं. बोल्टच्या नवाची आठ झाली. "एकानं खाल्लं आणि चौघांना उपास? हा कुठला न्याय?" मास्तर म्हणतात.

मी त्यांना जकार्ताची आठवण करून दिली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० च्या मिश्र रिलेत बहारीन पहिलं, आपण दुसरे. मग बहारीनची एक धावपटू उत्तेजकात सापडली आणि २०२० मध्ये सुवर्णपदक आपल्याकडे आलं. "तिथल्या बाकीच्या तिघांचं काय, मास्तर?"

"ते वेगळं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पंखा वाढवायला सांगितला.

मला ते वेगळं वाटत नाही. बोल्टच्या पायांनी मिळवलेलं सोनं कार्टरच्या गळ्यात पडलं तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. मग कार्टरनं चोरलेला वेळ त्याच नळीतून बोल्टपर्यंत पोचला, हेही मान्य करायला हवं. पदक बॅटनचं होतं, ते गेलं, ठीकच झालं. पण पाप माणसाचं होतं, ते बाकीच्या तिघांना लावू नये. आणि बॅटन नुसतं पडलं असेल तर तिथं पापच नाही. तिथं एकाला धरून झोडपण्यासारखा अन्याय नाही.

कारण या शर्यतीत घेणारा मागे बघतही नाही. धावता धावता हात मागे करतो, आणि देणारा तो देईलच असं धरून चालतो. असा हात मागे करायची हिंमत आपल्यापैकी किती जणांपाशी आहे?

मोऱ्याला ओहोटीच्या वेळी लाँच आणि धक्का यांच्यातलं अंतर वाढतं. डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी खलाशाकडे न बघता हात पुढे करते. तो मनगट धरतो आणि तिचा पाय फळीवर टेकेपर्यंत सोडत नाही. मधल्या त्या क्षणी खाली पाणी असतं. तोल गेलाच, तर चूक कुणाची, हे ठरवायला दोघांपैकी कुणालाच वेळ नसतो. दोघंही फक्त घट्ट धरतात.