भेट आणि सांभाळ



सेवा म्हटले की मनात बहुधा सेवा करणाऱ्याचे चित्र उभे राहते. ज्याची सेवा करायची, तो मागे राहतो. अनाथ मुलांसाठी आफ्रिकेत जाणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या दौऱ्यांविषयी वाचताना हे फार जाणवते. दोन आठवडे मुक्काम, भिंतींना रंग, मुलांबरोबर गाणी आणि खेळ, निघताना सर्वांच्या डोळ्यांत पाणी. भाव खरा असतो, त्यात शंका नाही. पण ज्या मुलाने आई गमावली आहे, त्याला दर महिन्याला एक नवी ताई कडेवर घेते आणि निघून जाते. त्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर हा पुन्हा एकदा वियोगच नाही का?

बायबलमधील याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माचे लक्षण सांगताना अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख येतो. त्यांच्या संकटात काय करावे, यासाठी तिथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचे दोन अर्थ होतात : भेट घेणे आणि सांभाळ करणे. अनुवाद करणाऱ्याला एकच अर्थ निवडावा लागतो. सेवकालाही.

नैरोबी येथील फादर अँजेलो डी'अगोस्टिनो यांनी दुसरा अर्थ निवडला. ते अमेरिकन जेझुइट धर्मगुरू, शिक्षणाने शल्यचिकित्सक आणि मानसोपचारतज्ज्ञ. एचआयव्हीची लागण झालेली बाळे टाकून दिली जात होती आणि त्यांना ठेवून घ्यायला अनाथाश्रमही धजत नव्हते, अशा काळात, १९९२ मध्ये, त्यांनी 'न्युंबानी' सुरू केले. स्वाहिली भाषेत याचा अर्थ 'घरी'. या आजारावरची औषधे तेव्हा नव्हतीच म्हणायची. मुलांना शेवटचे दिवस मायेने काढता यावेत, इतकाच संकल्प होता.

पुढे मुलांनी तो संकल्पच मोडला! काही बाळे पुन्हा तपासल्यावर निरोगी निघाली, कारण पहिल्या तपासणीत दिसली होती ती आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडे, मुलाला झालेली लागण नव्हे. अशी मुले दत्तक जाऊ शकत होती. जी खरोखर आजारी होती, त्यांच्यासाठी काही वर्षांनी औषधे निघाली, पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. अनाथाश्रमाला ते कसे परवडावे? फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे सेवाभावी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. त्याच सुमारास फादरांनी भारतातून स्वस्त औषधे आणण्याचे जाहीर केले. पेटंटच्या कायद्याची अडचण होती, तरीही ते मागे हटले नाहीत. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून असेल, पण या दोन आकड्यांमधले अंतर मला एखाद्या प्रार्थनेइतके पवित्र वाटते. तेवढ्या अंतरात मुलांचे प्राण होते.

मरणासाठी आणलेली मुले आता जगू लागली. मग त्यांना शाळा हवी. नैरोबीतील सरकारी शाळा त्यांना दाखल करून घेईनात, तेव्हा धर्मगुरू न्यायालयात गेले आणि जानेवारी २००४ मध्ये मुलांसाठी शाळांची दारे उघडली. थोडे थांबून विचार करू या. मरणाऱ्याजवळ बसणारा माणूस शांत, हळवा असावा लागतो. जगणाऱ्या मुलासाठी मात्र अर्ज करावे लागतात, वकील लावावा लागतो, किमतीवरून भांडावे लागते. बसून राहण्यातले समाधान सोडून त्यांनी हे दुसरे काम अंगावर घेतले. आपल्यापैकी किती जणांना ते जमेल? आपल्या सेवेचे स्वरूप ठरलेले असते, आणि ते बदलायची वेळ आली की आपण दुखावतो.

सर्वच मुलांना संस्थेत आणणे योग्य नाही, हेही त्यांनी ओळखले होते. १९९८ पासून 'लेआ टोटो' या उपक्रमातून झोपडपट्टीतील आजारी मुलांची काळजी त्यांच्याच घरी घेतली जाऊ लागली. त्यानंतर किटुई भागात सुमारे एक हजार एकर जमिनीवर एक गाव उभे राहिले. एड्सने मधली पिढी नेली होती. मागे उरले होते म्हातारे आजी-आजोबा आणि लहान मुले. एकेका घरात एक आजी किंवा आजोबा आणि दहाएक मुले, अशी तिथली रचना आहे. त्यात काही नातवंडे सख्खी, काही दुसऱ्यांची. एकुलते एक मूल गमावलेली आजी आणि कोणीच नसलेले मूल एका चुलीशी आले. पाहुणा तिथे येतो, पाणी पितो, चार दिवस शेतावर हात लावतो आणि जातो. त्याच्या जाण्याने कोणाचे घर रिकामे होत नाही, कारण रात्री मुलाला कुशीत घेणारी आजी तिथेच असते.

गाव सुरू झाले २००६ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात फादर नैरोबीत वारले. सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर असलेल्या लोरेटो संघाच्या सिस्टर मेरी ओवेन्स यांनी काम पुढे नेले.