छप्पर नको असलेला देव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बांबर इथे एक राई आहे. तिच्यात शिरलं की पायाखालची जमीन आधी मऊ लागते, मग तिचा चिखल होतो, आणि त्या चिखलातून वर आलेली मुळं दिसू लागतात, दुमडलेल्या गुडघ्यांसारखी. ही रानजायफळाची मुळं. पाण्याने तुंबलेल्या चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मूळ वर काढतं, वाकवतं आणि पुन्हा खाली नेतं. त्या वाकणातून मुळं श्वास घेतात. जायफळाचं कूळ फुलझाडांच्या फार जुन्या कुळांपैकी एक मानलं जातं. अशा जायफळाच्या दलदली मुख्यतः केरळ-कर्नाटकात आढळतात. त्यांचा हा उत्तरेकडचा तुकडा ज्या देवाच्या हद्दीत टिकला, त्या देवाचं नाव निरंकार.

निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही तो. मराठी माणसाने सगुण-निर्गुणाचा वाद कीर्तनात ऐकलेला असतो. इथे तो पायाला चिखल लावून ऐकावा लागतो. देवाला आकार नाही, आणि त्याच्या राईत मात्र पानापानाला वेगळा आकार. मग देवपण कुठे राहतं? नावात, दगडात, झाडात, की गावाने पिढ्यान् पिढ्या न उचललेल्या काटकीत?

परिसराचा अभ्यासक राईत गेला की आधी या काटकीकडेच बघतो. गावालगतच्या इतर रानात जमीन झाडून काढल्यासारखी दिसते, कारण पडलेलं लाकूड चुलीला जातं आणि पाचोळा भाजावळीला. राईत उन्मळलेलं झाड जिथे पडलं तिथेच पडून राहतं. त्यावर अळंबी उगवतात, वाळवी लागते, बेडूक आसरा घेतात, आणि काही वर्षांनी त्याची माती होते. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होतो, तो कुणी तोडला नाही म्हणून. धनेशाला घरटं करायला मोठी ढोली लागते, आणि तशी ढोली म्हाताऱ्या झाडालाच असते. झाडाला म्हातारं होऊ देणारी जागा कोकणात शोधायची झाली, तर देवरहाटीइतकी, म्हणजे देवाच्या राईइतकी, खात्रीची जागा क्वचितच सापडेल.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक हे दोघे १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडले. १९७६ साली त्यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तोवर अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलेली ही राने त्यानंतर विज्ञानाच्या चर्चेत मानाने आली. पुढे केरळमधल्या एका देवराईत वेलीची एक नवी जातच मिळाली. कुन्स्ट्लेरिया केरलेन्सिस हे तिचं नाव. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली रानजायफळाची दलदलही देवराईतच सापडली. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तिला जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. तिचं क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. देवाच्या भीतीने राखलेलं रान नीतीने राखलं असं म्हणता येईल का? फांदी तोडली तर घरात आजार येईल म्हणून जो हात आवरतो, त्याला झाडाविषयी काही वाटतं असं कशावरून? बुद्धिवाद्याचा हा आक्षेप खोटा नाही. भीतीचं कुंपण कच्चं असतं. शहरात चार वर्षं राहून आलेला मुलगा पहिली फांदी तोडतो, त्याला काही होत नाही, आणि कुंपण कोसळतं. शिवाय काही राईंत बायकांना आत जाऊ देत नाहीत. या परंपरेचं कौतुक करताना तेवढं वगळणं अप्रामाणिकपणाचं आहे.

मग भीतीच्या जागी उपयोग आणावा, असं सुचवलं जातं. राई राखा, कारण तिच्यामुळे झरा वाहतो. हे खरंच आहे. जांभ्याच्या सड्यावर पडलेला पाऊस दगडातल्या भोकांतून खाली मुरतो, खालच्या चिकट थरावर अडतो आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतो. अशा झऱ्यापाशी पुष्कळदा देव आणि राई असते. पण नळाचं पाणी घरात आलं की झऱ्याचा उपयोग संपतो, आणि उपयोगावर उभी केलेली राईही त्याच दिवशी बिनकामाची ठरते. या बाबतीत भीती आणि उपयोग सारखेच लेचेपेचे.

कौलाच्या प्रथेत मात्र तिसरं काही आहे. देवळाच्या कामासाठी राईतलं एखादं झाड हवं असेल, तर गुरव देवाला पाकळ्या किंवा तांदूळ लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि गावकरी वाट बघत बसतात. कौल उजवा पडला तर झाड मिळतं, डावा पडला तर सगळे घरी जातात. पाकळी पडण्यामागे देव असो वा वारा, गरजवंताला त्या वेळापुरतं कबूल करावं लागतं की हे झाड आपलं नाही आणि उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. देव मानणारा आणि न मानणारा या एका कबुलीपाशी शेजारी उभे राहू शकतात. राईचं पावित्र्य शोधायचं तर ते या कबुलीत शोधावं.

म्हणूनच राईवरचं आजचं संकट अश्रद्धेइतकंच श्रद्धेकडूनही येतं, आणि त्याचं दुःख अधिक आहे. राईतले जुने देव बहुधा उघड्यावरचे, शेंदूर फासलेला तांदळा किंवा नुसता पाषाण. या देवाला छप्पर चालत नाही, घातलं तर तो ते उडवून लावतो, असं गावोगावी सांगतात. त्याचं छप्पर म्हणजे सातवीण, बेहडा, आंबा यांच्या फांद्या. आता मुंबईला गेलेले चाकरमानी प्रेमाने वर्गणी काढतात. पाषाणाच्या जागी संगमरवरी मूर्ती येते, स्लॅबचं देऊळ होतं, पुढे सभामंडप, त्यापुढे गाड्या लावायला पटांगण. वर्गणी देणाऱ्यांची भक्ती खरी असते. पण देवाला ठसठशीत आकार आणि घर मिळालं की भोवतालच्या झाडांचा पसारा वाटू लागतो.

दलदलीत तर तोडण्याचीही गरज नाही. वाट सुकी करायला मुरुमाचे चार डंपर ओतले, की श्वास घेणारी मुळं मातीखाली जातात. पाणी वाहून जायला चर खणला की चिखल वाळतो. रानजायफळाचं बी मोठं असतं आणि सुकलं की मरतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. लाल पत्रीसकट ते धनेश गिळतो, दूर नेऊन टाकतो, आणि पडलं तिथे ओल आणि सावली असली, तरच त्यातून कोंब येतो.