भुलीखालचा श्रोता

१९१४ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतातील डॉ. इव्हान ओ'नील केन या शल्यचिकित्सकांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मुखपत्रात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी असे नमूद केले की, आपण शस्त्रक्रियेच्या दालनात फोनोग्राफ ठेवीत असतो, आणि भूल चढण्यापूर्वीच्या भयाकुल घटकेत रुग्णाचे चित्त त्या यंत्राच्या स्वरांकडे वळले म्हणजे त्याची धास्ती पुष्कळच कमी होते. हेच केन पुढे १९२१ साली, केवळ तेवढ्या जागेपुरती भूल घेऊन, स्वतःचे आंत्रपुच्छ स्वतःच्याच हाताने कापून काढल्यामुळे प्रसिद्धी पावले; तेव्हा मेजावर आडव्या पडलेल्या माणसाच्या मनःस्थितीविषयी ते ऐकीव माहितीवर बोलतात, असा आक्षेप निदान त्यानंतर तरी त्यांच्यावर कोणास घेता आला नसता.

जागा असलेला रुग्ण गाण्याने शांत होतो, यात तात्त्विक अडचण काहीच नाही. कण्यात इंजेक्शन देऊन ज्याचे कमरेखालचे अंग बधिर केले आहे, त्याला हत्यारांचा खणखणाट ऐकू येतो, डॉक्टरांची कुजबूज ऐकू येते, आणि त्या कुजबुजीचा अर्थ तो आपल्या भीतीच्या मगदुराप्रमाणे लावीत राहतो. अशा वेळी त्याच्या कानी ओळखीचा सूर पडला आणि त्याची नाडी संथ झाली, तर नवल करण्यासारखे त्यात काय आहे? खरी अडचण उत्पन्न होते ती ज्याला संपूर्ण भूल दिली आहे त्याच्या बाबतीत.

संपूर्ण भुलीत माणसाला वेदना 'कळत' नाही, हे खरे. परंतु त्याच्या शरीराला काहीच कळत नाही, असे मात्र नव्हे. सुरी त्वचेत शिरताच, भूल पुरेशी खोल नसेल तर, नाडीची गती आणि रक्तदाब वाढतो, रक्तात अ‍ॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल यांचे प्रमाण चढते, साखर वाढते. फिर्याद दाखल होते, परंतु फिर्यादी गैरहजर असतो. शस्त्रक्रियेचा शारीरिक ताण म्हणतात तो हाच, आणि तो आवरणे हे भूलतज्ज्ञाच्या कामाचे एक मोठे अंग होय. आता आश्चर्य असे की, २०१५ साली 'लॅन्सेट' या इंग्रजी नियतकालिकात त्र्याहत्तर चाचण्यांचा आणि सुमारे सात हजार रुग्णांचा जो एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात शस्त्रक्रियेच्या आधी, नंतर किंवा चालू असताना संगीत ऐकविलेल्या रुग्णांना पुढे वेदना कमी, चिंता कमी आणि वेदनाशामक औषधेही कमी लागली असे आढळले. आणि ज्यांना ते संपूर्ण भुलीत असताना ऐकविले होते, त्यांनाही हा लाभ झाला. जाग्या रुग्णांपेक्षा कमी झाला, पण झाला. इस्पितळातील मुक्काम मात्र त्यामुळे घटला नाही, हेही त्याच आढाव्यात प्रामाणिकपणे नोंदले आहे.

या गोष्टीचे मोल ज्याने भजन-कीर्तनाच्या परिणामाविषयी कधी वाद घातला असेल त्याच्या तत्काळ ध्यानी येईल. नामसंकीर्तनाने चित्त शांत होते, असे भाविकाने म्हणावे, आणि ती शांती स्वरांची नसून तुमच्या श्रद्धेची आहे, असे संशयवाद्याने उत्तर द्यावे. या तकरारीचा निवाडा करण्यास जागेपणी काही साधनच नाही, कारण ऐकणारा आणि विश्वास ठेवणारा एकच असतो. भुलीत मात्र विश्वास ठेवणारा उठून गेलेला असतो. जर्मनीतील पाच इस्पितळांत ३८५ रुग्णांवर केलेली जी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्वांच्याच कानांना ध्वनियंत्रे लावली होती. अर्ध्यांच्या कानी संगीत आणि धीराचे शब्द जात होते, उरलेल्यांच्या कानी निव्वळ शांतता, आणि कोणाच्या वाट्यास काय आले याचा पत्ता रुग्णालाही नव्हता. ज्यांनी ऐकले, किंवा ज्यांच्या कानांनी ऐकले, त्यांना पहिल्या दिवसात अफूवर्गातील औषधे कमी लागली. येथे सूर आणि शब्द मिसळलेले आहेत, म्हणून सगळे श्रेय संगीताच्या पदरात टाकता येणार नाही. परंतु श्रद्धेचा हिशेब या व्यवहारातून वजा झाला, एवढे निश्चित.

मग ऐकले कोणी?

आमच्या दर्शनकारांनी हा प्रश्न सुषुप्तीच्या निमित्ताने पूर्वीच उपस्थित केला होता. नैयायिकांच्या मते ज्ञान हा आत्म्याचा आगंतुक गुण. मन पुरीतत् नाडीत शिरले की त्याचा त्वचेशी असलेला संयोग तुटतो आणि गाढ झोपेत ज्ञान उत्पन्नच होत नाही. पतंजलींना हे मान्य नाही. ते निद्रेलाही चित्ताची एक वृत्तीच समजतात. वेदान्ती त्याहून पुढे जातो आणि म्हणतो की, 'सुखाने झोपलो होतो' असे जागा झालेला माणूस ज्याअर्थी सांगतो, त्याअर्थी त्या अवस्थेतही साक्षी हजर असला पाहिजे. चार्वाकाला या सगळ्याचे हसू येईल; किण्वापासून मद्य व्हावे तसे भूतांपासून चैतन्य होते असे ज्याचे मत, त्याला वायूच्या दोन झुरक्यांनी ते लोपावे यात आपल्याच पक्षाचा पुरावा दिसेल.

भुलीतील संगीताची वार्ता ऐकून साक्षीवाद सिद्ध झाला असा पुकारा करण्याचा मोह पुष्कळांना होईल, आणि काही प्रवचनकार तो करतीलही. मला तो पुकारा वेदान्ताच्याच दृष्टीने अनुचित वाटतो. वेदान्ताचा साक्षी असंग आहे, त्याला वेदना नाही, त्यामुळे ती कमी होण्याचाही प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी ज्याला औषधाची मात्रा कमी लागते तो साक्षी खचित नव्हे. शिवाय सुषुप्तीतून उठलेला काही तरी आठवण सांगतो. भुलीतून उठलेला या संगीताविषयी बहुधा काहीच सांगत नाही. तेव्हा ज्याने ऐकले तो 'मी'च्या वर नसून 'मी'च्या खाली आहे: कानापासून मेंदूच्या देठापर्यंतची, ध्वनी आला की अजूनही प्रतिसाद देणारी ती वाट, आणि तिला जोडलेली नाडी व श्वास. नैयायिकाचे 'ज्ञान' तेथे नाही, हे मान्य करावे. पण अज्ञानाच्या त्या प्रदेशातही बरेवाईट घडू शकते, ही गोष्ट त्याने विचारात घेतलेली दिसत नाही.

शार्ङ्गदेवाने ती निराळ्या वाटेने घेतली होती, असे मला वाटते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघणाच्या राज्यात, हिशेबाच्या दफ्तराचा अधिकार सांभाळणारा हा काश्मिरी घराण्यातील पंडित वैद्यकही जाणणारा होता. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त स्वरांच्या आधी पिंडोत्पत्तीचे प्रकरण येते, म्हणजे गर्भ कसा घडतो, अवयव कसे फुटतात, नाड्या कोठून कोठे जातात याचे सविस्तर वर्णन येते, आणि नाद हा प्राण व अग्नी यांच्या संयोगातून याच देहात, हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार असा उमटतो, असे सांगितल्यावर मगच तो संगीताला हात घालतो. संगीतशास्त्रावरील ग्रंथात एवढे शरीरशास्त्र कशाला, असे वाचकाला वाटून जाते. भुलीखालच्या श्रोत्याची हकीकत कळल्यावर ते प्रकरण अस्थानी वाटेनासे होते.

याचा अर्थ अमुक राग मूत्रपिंडाला आणि तमुक राग मधुमेहाला, अशा ज्या याद्या हल्ली सर्रास फिरतात त्यांना आधार मिळाला, असा कोणी करू नये. वर सांगितलेल्या आढाव्यात संगीत कोणते होते आणि ते कोणी निवडले, यावरून फारसा फरक पडलेला दिसला नाही. मग ते रुग्णाच्याच आवडीचे का असू नये? पुष्कळ ठिकाणी शस्त्रक्रियेच्या दालनात गाणी लागतात ती डॉक्टरांच्या पसंतीची, आणि रुग्णाला विचारण्याची वहिवाट नाही. संमतीपत्रावर सही घेताना त्याला आणखी एक प्रश्न विचारण्यास खर्च काहीच पडत नाही. आणि वैद्यकीय मंडळींना एक विनंती: भूल चढली म्हणजे रुग्णाच्या देहाविषयी, त्याच्या रोगाविषयी किंवा त्याच्या ऐपतीविषयी जे बोलले जाते, ते त्याच्या जागेपणी त्याच्या तोंडावर बोलता येईल एवढेच असावे.