कर्त्याखेरीज आणखी चार

माझ्या नातवाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असल्याचं निदान रायपूरच्या डॉक्टरांनी केलं आणि मिथाइलफेनिडेटची गोळी लिहून दिली, तेव्हा आमच्या घरात प्रश्न निघाला तो धर्माचा. नागपूरच्या एका नातलगांनी फोनवर सांगितलं, "संस्कार कमी पडले असतील. रोज गीतेचा अध्याय म्हणून घ्या, मन ताळ्यावर येईल." मुलीला ते फार लागलं. रात्री तिने मला विचारलं, "आई, तू गीता सांगतेस ना? मग गोळीने आलेली एकाग्रता त्याची स्वतःची म्हणायची का ग?"

मी भिलाईत वाढले. वडील इथला पोलाद कारखाना नवा असताना विदर्भातून आले आणि रेल मिलमध्ये लागले. तापलेला लालभडक रूळ रोलरमधून धावत असताना नजर हलली तर माणूस जायचा, असं ते सांगत. त्याच टाउनशिपच्या क्वार्टरांतून आज मुलं आयआयटीच्या क्लासला निघतात. लक्ष देण्यावरच पोट भरणारं हे गाव. इथे न टिकणारं मन हा सरळसरळ गुन्हाच ठरतो. 'शैतान बच्चा है, एक जगह टिकता ही नहीं' हे मी शाळेत गणित शिकवताना स्टाफरूममध्ये कितीदा ऐकलं असेल!

हा दोष कुणाचा, हे ठरवताना वैद्यकही पुष्कळ अडखळलं आहे. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरांनी 1798 मध्येच लिहून ठेवलं होतं की काहींचं मन जन्मतःच एका गोष्टीवर ठरत नाही, आणि अशा मुलांवर छडीचाही उपयोग होत नाही आणि गोंजारण्याचाही. पुढे 1902 मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत 43 मुलांचं वर्णन केलं. त्यांतली बरीच बुद्धीने चांगली होती, पण स्वतःला आवरू शकत नव्हती. स्टिल यांनी याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. मुळाशी शरीराचं कारण असावं असं त्यांचंच म्हणणं होतं, तरी 'नैतिक' हा शब्द मुलांच्या कपाळी बसला. नागपूरहून आलेला सल्ला त्याच जातीचा.

अशा गोळ्यांचा गुण तर चुकूनच कळला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका बालरुग्णालयात डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मेंदूच्या तपासणीसाठी मुलांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढत. त्याने मुलांचं डोकं भयंकर दुखे, म्हणून त्यांनी बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही, पण मुलं अभ्यासाला बसू लागली. 1937 मध्ये त्यांनी 30 मुलांची नोंद छापली, त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास विलक्षण सुधारला होता. मुलांनीच त्या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. जन्मभर गणित शिकवलेल्या मला ही हकीकत वाचून गहिवरून आलं. ज्यांना सगळे आळशी म्हणत होते, त्यांना गणित करायचंच होतं!

नातवाला दिलेलं मिथाइलफेनिडेट 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तयार झालं. विकाराची नावं मात्र बदलत राहिली. अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत 1968 मध्ये भर होता अतिचंचलतेवर. 1980 मध्ये तो लक्ष न टिकण्यावर आला, तेव्हा कुठे वर्गात खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुली हिशेबात आल्या. 1987 मध्ये आजचं नाव ठरलं. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के निघतो. यात आईच्या संस्कारांना बोल लावायला जागा कुठे आहे?

आता गीता. सहावा अध्याय म्हटला की मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण, अभ्यास आणि वैराग्याने ते वश होतं, एवढंच सगळे सांगतात. पण अर्जुनाची ही तक्रार ऐकून श्रीकृष्ण रागावत नाहीत. निःसंशय कठीण आहे, असं आधी मान्य करतात आणि मग उपाय सांगतात. थोडं पुढे अर्जुन विचारतो, श्रद्धा आहे पण मन चळलं, अशा माणसाचं काय होतं? म्हणजे श्रद्धा असणं आणि मन ताब्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गीतेलाच मान्य आहे. आणि उत्तर काय येतं? कल्याणाच्या वाटेवरच्या कुणाचीही दुर्गती होत नाही.

मला त्याहून मोलाचा वाटतो अठराव्या अध्यायातला भाग. कोणत्याही कर्माची पाच कारणं तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, मग कर्ता, करणं म्हणजे इंद्रियादी साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. शरीराचं नाव कर्त्याच्याही आधी आहे. जो एकट्या आत्म्यालाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही, असंही लगेच म्हटलं आहे. नऊ वर्षांचं पोर वर्गात उठून उभं राहिलं की आपण पाचांतलं एकच कारण धरतो आणि त्या कर्त्याला झोडपतो. पतंजलींनी योगातले नऊ अडथळे मोजले, तेव्हा व्याधी सर्वांत आधी ठेवली आणि आळस वेगळा मोजला. आपण त्या दोहोंची गल्लत करायची आणि वर शास्त्राचं नाव घ्यायचं, हे मला पटत नाही.

म्हणून मुलीला मी सांगितलं, गोळी अधिष्ठानासाठी आहे. ती मेंदूतल्या डोपामाइन आणि नॉरअॅड्रिनलिनवर काम करते. साध्या गोळीचा परिणाम चारेक तास टिकतो. त्या चार तासांत भागाकार कोण करतं? तोच करतो. गोळीला पाढे येत नाहीत. अभ्यास करायचे कष्ट त्याचे त्यालाच आहेत, फक्त आता ते कष्ट फळाला येतात.

औषधाचे त्रासही आहेत. दुपारचा डबा तसाच परत येतो. म्हणून सकाळी गोळीआधी पोटभर पोहे आणि रात्री दूध-भात पक्का. झोप उशिरा लागते. डॉक्टर वजन, उंची आणि रक्तदाब बघत राहतात. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी आईवडिलांना वागणुकीचं प्रशिक्षण देतात, गोळी नंतर. आमच्याकडेही गोळीबरोबर समुपदेशन चालू आहे. गीतेचा अध्याय नातू म्हणतो, पण व्हरांड्यात फेऱ्या मारत. बसून म्हटलं तरच पुण्य, असं कुठे लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. त्यामुळे अशा मुलाला वर्गात किती सांभाळून घ्यायचं, हे बरंचसं बाईंच्या मनावर राहतं. माझ्या शिक्षक भावाबहिणींना विनंती आहे: त्याला पुढच्या बाकावर बसवा, फळा पुसायला उठवा, मोठं गणित दोन तुकड्यांत द्या. आणि गीतेचं वाचन करणाऱ्यांनी अशा घरी फोन करण्याआधी अठराव्या अध्यायाचा चौदावा श्लोक एकदा अर्थासकट वाचावा.