कवटीचे माप आणि मापणाऱ्याचे ऋण

एखादा जीव नीट ओळखता यावा म्हणून त्याचा प्राण घेणे न्याय्य आहे काय? हा प्रश्न वाघाविषयी विचारला म्हणजे सभेत गांभीर्य पसरते. साळिंदराविषयी विचारला तर लोक हसतात. ज्याच्याविषयी कोणालाही ममता नाही, अशा जीवाच्याच बाबतीत नीतीचा कस लागतो असे आम्हांस वाटते. म्हणून आम्ही साळिंदरच घेतो.

कर्जत-खालापूरकडील कुंभिवलीसारख्या गावी, जेथे शेत संपते तेथे डोंगर सुरू होतो, हे जनावर रात्रीचा पाहुणा आहे. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातले हिंदुस्थानातील सर्वांत मोठे; वजन सुमारे 11 ते 18 किलो. कंद आणि मुळे ही त्याची आवड असल्यामुळे ज्याचा वाफा रात्रीत उकरला गेला त्याला त्याच्याविषयी प्रेम वाटणे कठीण. आमच्या धर्मग्रंथांनीही त्याला दोन्हीकडून वापरले आहे. मनूने ते भक्ष्य पंचनखांत घातले, आणि गृह्यसूत्रांनी सीमंतोन्नयनात गर्भवतीचा भांग त्याच्या काट्याने पाडावयास सांगितला. उपयोग सर्वांनी केला. विचार कोणी केला नाही.

प्राणिशास्त्रज्ञास काट्यांपेक्षा कवटीचे महत्त्व अधिक. वीतभरही न भरणारी ही कवटी हातात घेतली म्हणजे प्रथम दिसते ते नाक. नाकाची हाडे इतकी लांब-रुंद आणि फुगीर, की मेंदूच्या कोठीला मागे कोपऱ्यात जागा दिल्यासारखे वाटते. डोळ्याच्या खोबणीपुढे एक मोठे भोक असते. त्यातून जबड्याचा स्नायू आरपार पुढे जातो. उंदराच्या कवटीत त्या जागी अरुंद फट असते, खारीत तर स्नायूला तेथून वाटच नसते. एवढ्या एका भोकावरून कुरतडणाऱ्यांची मोठमोठी घराणी वेगळी काढता आली. मग कॅलिपर घेऊन कवटीची एकूण लांबी, गालफडांच्या कमानींमधील रुंदी, नाकाच्या हाडांची लांबी, पटाशीचे दात व दाढा यांमधील रिकामा पट्टा, दाढांच्या रांगेची लांबी, अशी मापे मिलिमीटरांत घेतात. दात एकूण वीस.

परंतु माप घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे वय. दाढा किती झिजल्या, कवटीच्या हाडांमधील शिवणी कितपत मिटल्या, हे न पाहता मोजणारा मनुष्य पोराला निराळी लहान जात समजून तिचे बारसे करून मोकळा होईल. एका कवटीवरून तर काहीच ठरत नाही. अनेक पाहिजेत, आणि या ‘अनेक’ शब्दातच आमचा प्रश्न दडलेला आहे.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली, ती 1923 पर्यंत चालली. हजारो प्राणी मारले गेले. कातडी व कवट्या लंडनच्या आणि मुंबईच्या संग्रहांत गेल्या. त्या कार्याची थोरवी आम्ही मानतो. आपल्या रानांत कोण राहते याची पहिली विश्वसनीय यादी त्याच कपाटांतून निघाली. शेतकरी मारतोच, मग शास्त्रज्ञाने मारले तर काय बिघडले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शेतकरी आपल्या पोटासाठी भांडतो. शास्त्रज्ञ ज्ञानाच्या नावाने मारतो, आणि ते ज्ञान पुढे मिळालेच नाही तर त्याच्यापाशी सबब उरत नाही. शिकाऱ्याच्या दिवाणखान्यातील मुंडके आणि संग्रहातील कवटी यांत भेद एवढाच, की दुसरीला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारता येतात. ते विचारणे थांबले की भेदही संपला.

हेच कॅलिपर माणसाच्या डोक्याला लागले तेव्हा काय झाले हे विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या मॉर्टनने कवट्यांत बी आणि पुढे शिशाचे छरे भरून वंशांची प्रतवारी लावली. इकडे रिस्ले साहेबाने नाकाच्या मापाशी जातीची उच्चनीचता जुळवून पाहिली. लांबी मोजली तेथवर ठीक होते. लांबीवरून लायकी काढली तेथे पाप घडले. याउलट आमच्या इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरण घ्या. 1930 च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता मोजली. तिचा वंशाशी संबंध दिसेल अशी गुरूंची अपेक्षा होती. मापांत तो दिसला नाही, आणि बाईंनी तसे लिहिले. परक्या देशात, गुरूसमोर, हे लिहावयास किती धैर्य लागले असेल याचा विचार आमच्या पदवीधरांनी अवश्य करावा.

आता साळिंदर मारण्याची गरजही फारशी उरलेली नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला आसरा दिला आहे. रस्त्यावर वाहनाखाली किंवा रानात आपसूक मेलेले जनावर वनखात्याच्या परवानगीने अभ्यासास घेता येते, आणि जुन्या संग्रहांतील कवट्या नव्या उपकरणांनी पुन्हा मोजता येतात. खुद्द साळिंदर हाडे जमवून बिळात नेते, सतत वाढणारे दात झिजवावयास आणि चुन्यासाठी. पण तीही मेलेल्यांचीच. संग्रहातील प्रत्येक कवटीला एक चिठ्ठी बांधलेली असते: गाव, तारीख, नर की मादी, कोणी आणली. ‘कुंभिवली’ असे लिहिलेली चिठ्ठी नसेल तर तेथील कवटीही निव्वळ हाड होय. त्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ सक्तीची करावी असे आम्ही सुचवितो: मरण कसे आले.